कवडूचं गाव

वारलूभाऊ निकोडे नव्या माणसाला नाव विचारत नाहीत. गाव नाही, पगार नाही, मुलंबाळं किती तेही नाही. ते विचारतात, "तुमच्या घरचं लढाईत कोनी मेलं काय जी?"

मी बदलीवर ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या कॉलनीत आलो त्या दिवशी हा प्रश्न मला दारातच विचारला गेला. ट्रकमधून कपाट उतरत होतं, बायको हमालांवर ओरडत होती, आणि खाकी शर्टातला एक उंच, वाळका माणूस कपाटाला हात लावता लावता हे विचारत होता. मी सोलापूरकडचा. आमच्याकडे नव्या शेजाऱ्याला पाणी हवं का विचारतात. मी म्हटलं, "नाही." त्यांचा चेहरा पडला. "चुलत, मावस, आतेकडचं? कोनीच नाई?" मी खरोखर आठवून पाहिलं. कोणीच निघेना. खोटं कशाला सांगू, मला लाज वाटली. बायकोने मात्र त्याच संध्याकाळी दाराला लिंबू-मिरची बांधली.

वारलूभाऊ आमच्या क्वार्टरच्या मागे, कॉलनीच्या कुंपणापलीकडे राहतात. सारी नोकरी त्यांनी वीज केंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर काढली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी पापण्यांच्या मुळाशी कोळशाची बारीक रेघ राहिली आहे, आणि त्यामुळे ते सदा काजळ घालून आल्यासारखे दिसतात. पत्नी सुमनबाई गेल्या, मूलबाळ नव्हतं. एकटा पडलेला माणूस कशाला ना कशाला लागतोच. कोणी भजनाला लागतं, कोणी पत्त्यांना. वारलूभाऊ लढाईत मेलेल्यांच्या मागे लागले.

म्हणजे असं की, या जंगलाच्या मुलखातून जी पोरं फौजेत गेली आणि परत आली नाहीत, त्यांची घरं शोधायची. जुन्या लढायांतल्या कित्येकांना त्यांची घरंसुद्धा विसरलेली. पुतण्याच्या मुलाला एवढंच माहीत असतं की कोणीतरी होता म्हणे. वारलूभाऊ तिथे जाऊन बैठक मारतात. तो कसा दिसायचा, आई कुठल्या गावची, हसायचा कसा, जेवायला काय आवडायचं, सगळं खोदून खोदून विचारतात. "मेला त मेला जी, पन त्याचं घर त पाहिजे ना!" हे त्यांचं पालुपद. असं कोणी म्हटल्यावर पुढे काय बोलणार? घरातली म्हातारी माणसं आठवायला बसतात.

ऐकायला हे पुण्यकर्म वाटतं. शेजारी राहून पाहा. सकाळी मी दात घासत अंगणात उभा असतो, आणि कुंपणापलीकडून आवाज येतो, "साहेब, काल गनपतची सांबारवडी खाल्ली. एकदम झकास!" गणपत म्हणजे कोणी हॉटेलवाला असेल, असं मी बरेच दिवस समजत होतो. गणपत पासष्टच्या लढाईत गेलेला. त्याला सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, आवडायची असं त्याच्या भावजयीने सांगितलं, म्हणून भाऊंनी ती तिच्या हातची खाऊन पाहिली. 'आपला दिगांबर' थंडीला फार भ्यायचा, आणि नेमका बर्फात गेला. हिवाळ्यात भाऊंच्या अंगणात शेकोटी पेटते, तिची एक बाजू मोकळी असते. मी एकदा तिथे बसायला गेलो तर भाऊंनी हाताने अडवलं आणि म्हणाले, "तिकून बसा." त्या वेळी त्यांच्या डोळ्यांत थोडी वेडाची झाक दिसली असती तर मला बरं वाटलं असतं. डोळे अगदी शहाण्या माणसाचे होते. मी निमूट तिकडून बसलो.

त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसणं हा तर वेगळाच प्रकार. काही वळणांवर ते गाडी हळू करतात आणि म्हणतात, "राम राम." रस्त्यावर चिटपाखरू नसतं. दोन्ही बाजूंना साग, खाली पानांचा खच. "कुणाला हो?" असं मी एकदा विचारलं. "वळखीचा होता," एवढंच उत्तर आलं. या भागात रस्त्याच्या कडेला असूनही न दिसणारं जे असतं तो बहुतेक वेळा वाघ असतो. त्यामुळे मीही मागच्या मागे मनातल्या मनात एक राम राम घालून टाकतो. कुणाचा का असेना, वाया जात नाही.

इतक्या सगळ्यांत एक माणूस मात्र भाऊंना सापडत नव्हता. त्याचं नाव कवडू मोहुर्ले.

पोंभुर्ण्याच्या वाटेवर एक मोठं गाव लागतं. नाव सांगत नाही, तिथले लोक भांडायला घरी येतील. त्या गावच्या चौकात भागातल्या मेलेल्या शिपायांच्या नावांचा एक सिमेंटचा फळा होता. तो रस्तारुंदीत पडला, आणि गावाने काळ्या दगडावर नवा घडवायला दिला. प्रत्येक नावाखाली गावाचं नाव, आणि ती यादी जमवायचं काम भाऊंकडे. दसरा झाला की दगड उभा राहायचा होता. सगळ्यांची गावं मिळाली, कवडूचं नाही. एकाहत्तरच्या लढाईत गेला, याच बाजूचा, एवढंच लोकांना ठाऊक. दरवर्षी कार्यक्रमात एकेक नाव पुकारतात आणि त्या घरचं माणूस पुढे येऊन फूल वाहतं. कवडूचं नाव घेतलं की कोणी उठत नाही. माईकवरचे गुरुजी जरा थांबतात, खाकरतात आणि पुढचं नाव घेतात. ते थांबणं वारलूभाऊंना सोसत नसे. "भर सभेत पोराले हाक मारते, न कोनी 'ओ' देत नाई! कसं वाटत असन त्याले?" ते मलाच जाब विचारत. मी वीज बनवणाऱ्या खात्यातला इंजिनिअर, मी काय सांगणार कवडूला कसं वाटत असेल ते!

आणि नाव तरी काय, तर कवडू. या भागात ज्या बाईची मुलं जगत नाहीत, ती पुढचं मूल जन्मताच एका कवडीला दुसऱ्याला विकते. खोटंखोटंच, पण रीतसर, चार माणसांसमोर. यमाला वाटावं, हे कवडीच्या मोलाचं पोर, नेऊन काय करायचं? त्याचं नाव मग कवडू. त्या काळी मुलं इतकी दगावत की गावोगाव कवडूंचं पीक होतं. वारलूभाऊंनी त्यातला एकही सोडला नाही. एक कवडू म्हैस दोहताना सापडला. भाऊंनी नेहमीचा प्रश्न विचारला तर तो चरवी घेऊन अंगावर आला, "मी जित्ता हावो, निंगा इथून!" दुसऱ्याने चहा पाजला आणि भाऊ निघताना दारापर्यंत येऊन हळूच विचारलं, "म्या मेलो असतो त माह्यं नाव लिवलं असतं काय जी?" भाऊंनी हो म्हटलं. तो बराच वेळ दारात उभा राहून विचार करत होता म्हणे.

उन्हाळ्यात आमच्या प्लँटमधल्या एका ऑपरेटरच्या मुलीचं लग्न निघालं. लग्न नवरीच्या आजोळी, पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलाला पाठ टेकून बसलेल्या एका टोलीवर, म्हणजे चार घरांच्या वस्तीवर होतं. भाऊ आणि मी गेलो. भर दुपार, मांडवावर जांभळीच्या फांद्या, बुंदीच्या पंक्ती. जेवणं चालू असतानाच लाऊडस्पीकरवर आहेर सुरू झाले. पहिलं नाव पुकारलं गेलं, "नवरीच्या आईचे मामा, कवडूजी मोहुर्ले!"

भाऊंचा घास हातातच राहिला. मी मान वळवून पाहिलं. मांडवाच्या मधोमध एक पाट मांडला होता, आणि त्यावर कोणी नव्हतं. एक वाकलेली म्हातारी ताट घेऊन आली. तिने पाटाला ओवाळलं. मग कुंकवात बोट बुडवून, बसलेल्या माणसाचं कपाळ जिथे येईल नेमकं तिथे, हवेत टिळा लावला. वर अक्षता चिकटवल्या, त्या खाली पडल्या. खांद्यावर घालावा तसा तिने दुपट्टा सोडला, तोही पाटावर जाऊन पडला. बँडवाल्यांनी वाजवलं. आजूबाजूच्या कोणाला यात काही वावगं वाटत नव्हतं. एक बाई तर पाटाजवळून जाताना पदर सावरून, जरा लांबून गेली. ऊन चाळीसच्या वर असेल, आणि माझ्या पाठीवरून गार पाण्याचा ओघळ गेल्यासारखं झालं.

पंक्ती उठल्यावर भाऊंनी नवरीच्या आईला गाठलं. "मामा कुठी असतात, बाई?"

"बाहीरगावी. मिलटरीत," ती म्हणाली आणि मुलीच्या पाठवणीत गुंतली. तिचीच चाळिशी उलटलेली. मामा अजून मिलटरीत!

भाऊ मांडवाच्या खांबाला टेकले. काजळ घातल्यासारखे ते डोळे एवढे मोठे झाले होते. "साहेब, मी ह्या घरी येऊन गेलो. लय वर्सं झाले. ह्याच दारात इचारलं होतं, तुमच्या घरचं लढाईत कोनी मेलं काय. म्हने, नाई जी, कोनी नाई मेलं. मी पानी पिलो न निंगून गेलो." मग स्वतःच्या कपाळावर हात मारून म्हणाले, "खोटं नाई बोलले ते. त्यायच्या घरचं कोनी मेलंच नाई!"

ओवाळणारी म्हातारी म्हणजे भागिरथाबाई, कवडूची धाकटी बहीण. पुढची सगळी हकिगत भाऊंनी तिच्याकडून काढली आणि कुंपणाला टेकून मला सांगितली. तार आली तेव्हा ही लहान पोर होती. पोस्टमनने तार वाचून दाखवली. आई म्हणाली, "माह्या पोराले म्या जल्मताच इकलं. तो माह्या नावावरच नाई, त यम त्याले कुठून शोधन? हे दुसऱ्या कोन्या कवडूची तार हाये, त्यायले द्या." लोकांनी समजावलं, दहावं-तेरावं उरकायला लावलं. मग जे करतात ते केलं. बंद खोलीत जमिनीवर पीठ पसरायचं, वर टोपली झाकायची आणि सकाळी उघडायची. मेलेलं माणूस घरी येऊन जातं, आणि पुढे ज्या जन्माला जाणार त्याचं पाऊल पिठावर उमटतं. पक्ष्याचं, गाईचं, माणसाचं, काहीतरी उमटतंच. कवडूच्या आईने टोपली उचलली तर पीठ जसंच्या तसं. आई टाळ्या पिटत गावभर फिरली. पाऊल नाही, म्हणजे पोरगा आला नाही. आला नाही, म्हणजे मेला नाही.

तरी लोक रडवे चेहरे घेऊन दाराशी येतच राहिले. शेवटी तिने वैतागून घर सोडलं आणि पोरीला घेऊन या टोलीवर, माहेरी आली. सरकारी माणूस विचारत गेला तेव्हा जुन्या घराला कुलूप होतं, आणि पुढे ते गावच कोळशाच्या खाणीत गेलं, माणसं पांगली. पुढे पोरीचं लग्न केलं तेसुद्धा घरजावई करून, का तर कवडू आल्यावर घर बंद दिसता कामा नये. आई गेली, जावई गेला, भागिरथाबाईची मुलगी लग्न होऊन गेली. दरवर्षी पितरांच्या अमावस्येला, सगळे मेलेले जेवायला येतात त्या दिवशी, भागिरथाबाई पीठ मांडते. कवडूचं पाऊल नाही ना उमटलं, एवढं बघते आणि वर्षभर निर्धास्त राहते.

"मग तुम्ही सांगितलं की नाही तिला?" मी विचारलं.

"सांगतलं. म्हन्लं, बाई, दगडावर भावाचं नाव हाये, गाव लिवाचं राह्यलं. तुम्ही हो म्हना, न दसऱ्याच्या मंग येऊन एक फूल वाहा. ते बाई म्हने, पीठ सांगन त मानीन. ह्या अमावशेले पाऊल उमटलं, त मी सोता येतो फूल घेऊन. नाई उमटलं, त तुम्ही माह्या जित्त्या भावाचं नाव दगडावर कोरू नका म्हने." मग भाऊ म्हणाले, "तिच्या डोळ्यात मोतीबिंदू हाये, साहेब. तिले पीठ दिसत नाई. पाहाले मले बलावलं. न संगं एक साक्षीदार पाहिजे म्हने, खोटं न बोलनारा."

मी सबबी सांगितल्या. ड्युटी, पाठदुखी, रस्त्यावरचा वाघ. आतून बायको म्हणाली, "जा की! तुम्हाला कुठे खोटं बोलता येतं?" लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ही स्तुती होती की तक्रार, ते मला कळलं नाही. मी गेलो.

अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. दव पडलं होतं, धान लोंबीवर आलं होतं. त्या दिवशी भाऊंनी एकाही वळणावर गाडी हळू केली नाही, कोणाला राम राम नाही. दगडाच्या कारागिराचा आदल्याच दिवशी तगादा आला होता. इतक्या वर्षांचा शोध आज पुरा होणार, हे त्यांच्या ताठ मानेवरून मागे बसल्या बसल्या दिसत होतं. मला एकच गोष्ट खटकत होती. हा माणूस एका म्हातारीच्या घरात, तिच्या भावाचं पाऊल उमटलेलं असावं अशी देवाजवळ प्रार्थना करत होता.

घर टोलीच्या शेवटाला. त्यामागे लगेच जंगल. अंगण सारवलेलं. दोरीवर पुरुषाचा सदरा वाळत होता, ओला. मी त्याच्याकडे बघतोय हे तिला दिसणं शक्य नव्हतं, तरी भागिरथाबाई म्हणाली, "कवडूचा हाये. पेटीत राहून राहून वास येते, म्हून धुतला." ओसरीवर बाज होती. मी टेकणार, तोच ती म्हणाली, "तिथी नका बसू जी, ते त्याची हाये. इथी बसा."

मग तिने भावाच्या तक्रारी सांगायला घेतल्या. बहिणी सांगतात तशाच. लग्न केलं नाही. घरी कधी दोन ओळी धाडल्या नाहीत. लहानपणी मोह वेचायला नेलं तर झाडाखाली झोपून राहायचा. "आता त्याचेबी दात पडले असन," ती काळजीने म्हणाली. "म्हून मी भात जरासाक आसट ठेवतो. कडक भात कसा खाईन तो?" वारलूभाऊ ऐकत होते. दुसऱ्या कुठल्याही घरी या वेळेपर्यंत त्यांनी खोदून खोदून पन्नास प्रश्न विचारले असते. इथे ते एक अक्षर बोलले नाहीत. मुलखातल्या सगळ्या मेलेल्यांच्या आवडीनिवडी जाणणाऱ्या त्या माणसाला एका मेलेल्याच्या पडलेल्या दातांबद्दल ऐकायची ही पहिलीच वेळ असावी.

आतल्या खोलीला कडी होती. तिने चाचपत ती काढली. खोलीत खिडकी नाही, कौलातून एक उन्हाची तिरीप. मधोमध टोपली उपडी घातलेली, वर पाटा ठेवलेला. भाऊंनी पाटा उतरवला. भागिरथाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली, ओठ पुटपुटत होते. भाऊंनी टोपली उचलली.

पिठावर पाऊल होतं.

मी नीट सांगतो, कारण हे मी अनेकदा स्वतःला सांगून पाहिलं आहे. तांदळाचं पीठ होतं, पांढरं, सपाट. त्यावर उजव्या पायाची पाच बोटं आणि त्यांच्यामागे तळव्याचा पुढचा भाग उमटला होता. टाच नव्हती, म्हणजे चवड्यांवर हलकेच उभं राहून कोणीतरी आत डोकावल्यासारखं. उंदीर नव्हे, पाल नव्हे. टोपली झाकताना त्या अर्ध्याआंधळ्या म्हातारीचाच पाय पडला असेल, हे सरळ आहे आणि मी तेच धरून चालतो. फक्त तिचे पाय मी नंतर पाहिले. ते लहान मुलीसारखे होते, आणि हे पाऊल माझ्या पावलाएवढं होतं.

भाऊंनी ते पाहिलं. मीही पाहिलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. खोलीत आम्हा तिघांच्या श्वासांचा आवाज येत होता, आणि मला सारखं वाटत होतं की मोजायला गेलो तर ते श्वास चौघांचे भरतील.

"काय हाये जी?" भागिरथाबाईने विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता. ती वाट पाहत होती, आणि इतकी घाबरली होती की मला तिच्याकडे बघवेना.

वारलूभाऊ गुडघ्यांवर बसले. त्यांनी उजवा हात पिठावर टेकवला आणि लेकराच्या केसांवरून फिरवावा तसा हळूच फिरवला. एकदा, दोनदा. बोटं गेली, तळवा गेला.

"काई नाई, बाई," ते म्हणाले. "कोरं हाये."

"खरं?"

"खरं. सपाट हाये एकदम."

तिने पांढरे डोळे माझ्याकडे वळवले. "साहेब, तुमी पाह्यलं?"

बायको म्हणते मला खोटं बोलता येत नाही. मी म्हणालो, "हो, पाहिलं. काही नाही पिठावर."

भागिरथाबाई हसली. तोंडात दात नव्हते, तरी ते हसू खोलीभर झालं. "म्या म्हन्लं नाई! जित्ता हाये तो, जित्ता हाये!" असं म्हणत ती आत आली, बसली, आणि ते सगळं पीठ दोन्ही हातांनी परातीत भरून घेतलं. "बसा, आता रोटी टाकतो. तुम्ही खाल्ल्याबिगर जायचं नाई."

त्याच पिठाची रोटी आम्ही खाल्ली. गरम होती, वर मिरचीचा ठेचा होता. मी एकीवरच थांबलो. वारलूभाऊंनी मागून आणखी एक घेतली आणि सावकाश, पूर्ण संपवली. निघताना भागिरथाबाई त्यांना म्हणाली, "भाऊ, पुढच्या वर्सी बी या पाहाले. मले दिसत नाई आता." ते म्हणाले, "येतो. दरसाल येतो."

अंधारी नदीच्या पुलावर कारागिराचा फोन आला. भाऊंनी गाडी कडेला घेतली. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. गाव सापडलं काय, दगड अडून राह्यला. आणि मला वाटलं, आता हा माणूस काय सांगतो? इतकी वर्षं पायपीट केली ती याच एका शब्दासाठी.

"नाई सापडलं," वारलूभाऊ म्हणाले. "न त्याचं नावबी काढून टाक. चुकीनं आलं होतं ते. दुसराच कवडू होता."

फोन खिशात ठेवून ते कठड्याला टेकले. खाली पाणी गढूळ होतं, काठाला बगळे. मीही शेजारी जाऊन उभा राहिलो. शेवटी विचारलंच, "भाऊ, तुम्हाला पाऊलच हवं होतं ना?"

ते म्हणाले, "सुमन गेली ना साहेब, तवा म्याबी पीठ मांडलं होतं. सकाळी पाह्यलं त कोरं. मले वाटलं, माह्यंच काई चुकलं असन. दुसऱ्या रोजी पुन्हा मांडलं. मंग रोज मांडत गेलो. घरचं सरलं की गिरणीवर जाऊन दळून आनत जाव. गिरणीवाला म्हने, वारलूभाऊ, घरी पाव्हने आले काय? मी म्हनो, येनार हायेत."

एक ट्रक गेला. पूल हलला. ते नदीकडेच बघत राहिले.

"नाई आली जी ते. एक बोट नाई उमटलं. कोऱ्या पिठापुढं बसून मी एवढा रडलो, एवढा रडलो... न आज पाह्यलं, कोरं पीठ म्हन्लं की एखादं मानूस असंबी हासते."

त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. बाहीवर काळा डाग पडला. मग त्यांनी गाडीला किक मारली आणि मला म्हणाले, "बसा, साहेब."